गाडीचे फोटो: पत्र्यात काय दिसतंय ते आधी बघा

गाडीचा पत्रा म्हणजे आरसा, आणि तोही बाक असलेला. गाडीचा फोटो फसतो तेव्हा दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो, या आरशात नको ते उतरलेलं असतं. दरवाज्यावर विजेचा खांब वेडावाकडा पसरलेला असतो, बॉनेटवर सूर्याचा पांढराफटक ठिपका असतो, मागच्या मडगार्डवर फोटो काढणाऱ्याचा पिवळा शर्ट दिसत असतो. काढताना यातलं काही जाणवत नाही, कारण आपलं लक्ष गाडीकडे असतं आणि प्रतिबिंबं मन आपोआप गाळून टाकतं. कॅमेरा काहीच गाळत नाही. म्हणून प्रत्येक फोटोआधी एकच प्रश्न विचारा: या क्षणी पत्र्यात काय दिसतंय?

हल्लीच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो. रंग खालून दिसतो, प्रतिबिंब वरच्या थरावर पडतं, आणि कॅमेऱ्यात दोन्ही एकावर एक येतात. काळा किंवा गडद निळा रंग स्वतः फार कमी प्रकाश परत पाठवतो, त्यामुळे त्याच्यावर प्रतिबिंब ठळक उठतं. पांढरा रंग इतका उजळ असतो की प्रतिबिंब त्यात बुडून जातं. तिथे अडचण उलटी असते: दरवाज्यावरच्या कडा आणि घड्याच सपाट होतात, गाडी कागदातून कापल्यासारखी दिसते. म्हणून काळ्या गाडीसाठी समोर काहीही नसलेली मोकळी जागा शोधा, आणि पांढऱ्या गाडीसाठी एका बाजूने येणारा तिरपा प्रकाश. चंदेरी आणि राखाडी गाड्या आकाशाचाच रंग उचलतात. सूर्यास्ताच्या वेळी त्या तांबूस दिसतात, अर्ध्या तासाने निळसर.

वेळ: सूर्य गेल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं

भर दुपारी फोटो काढू नका. डोक्यावरच्या सूर्यामुळे फोटोत छत आणि बॉनेट जळतात, म्हणजे नुसते पांढरेफटक येतात, चाकांच्या खोबणी काळ्याठिक्कर पडतात, आणि धुताना-पुसताना पडलेले बारीक गोल ओरखडे जाळ्यासारखे उठून दिसतात. सूर्य हा छोटा, तीव्र दिवा आहे. पत्र्यात त्याचं प्रतिबिंब ठिपक्याएवढंच पडतं, आणि त्या ठिपक्यात रंगाचा काहीही तपशील शिल्लक राहत नाही.

सूर्य क्षितिजाखाली गेला की सगळं आकाशच एक प्रचंड मोठा, मऊ दिवा होतं. सूर्यास्तानंतर साधारण १० ते २५ मिनिटं हा प्रकाश उत्तम असतो. विषुववृत्ताच्या जवळ तो लवकर सरतो, जसजसं दूर जावं तसा जास्त वेळ टिकतो. या वेळात पश्चिमेचं आकाश उजळ असतं आणि पूर्वेचं गडद होत जातं. गाडीची जी बाजू दाखवायची ती पश्चिमेकडे करा आणि तुम्ही पश्चिमेला पाठ करून उभे राहा. पत्र्यावर खालून वर हळूहळू बदलत जाणारी उजेडाची छटा दिसेल. गाडीचा आकार खरा कळतो तो या छटेमुळेच. उलट, गाडी तुमच्या आणि पश्चिमेच्या मध्ये असेल तर छताची कड सुंदर उजळते, पण तुमच्याकडची बाजू काळवंडते. अशी बाह्यरेषा दाखवणारी एखादी फ्रेम जरूर घ्या, पण सगळे फोटो तसे काढू नका.

प्रकाश दर दोन-तीन मिनिटांनी बदलतो, म्हणून क्रम आधीच ठरवा. सूर्यास्तानंतर लगेच बाजूचे आणि तिरपे फोटो काढा, कारण त्यांना पत्र्यावरची छटा हवी. हेडलाइट लावून काढायचे फोटो शेवटी ठेवा. तेव्हा आकाशाचा आणि दिव्यांचा उजेड एकमेकांच्या जवळ आलेला असतो. पहाटे काढत असाल तर हाच क्रम उलटा: आधी दिव्यांचे, मग बाजूचे. पहाटे रस्ते रिकामे मिळतात, पण काचांवर दव असतं. निघताना दोन कोरडी मायक्रोफायबर कापडं बरोबर हवीतच.

ढगाळ दिवस चालतो, मात्र वरून सगळं आकाश सारखं पांढरं असल्याने छत आणि बॉनेट धुवट दिसतात. अशा दिवशी कॅमेरा खाली आणा, म्हणजे आडवे पृष्ठभाग फ्रेममध्ये कमी येतील.

जागा: गाडीच्या मागे काय आहे यापेक्षा समोर काय आहे ते बघा

फोटोची पार्श्वभूमी सगळेच बघतात, पण पत्र्यात दिसतं ते तुमच्या पाठीमागचं. गाडी लावण्याआधी, ती जिथे उभी राहणार तिथे जाऊन उभे राहा आणि कॅमेऱ्याच्या दिशेने पूर्ण अर्धवर्तुळात नजर फिरवा. जे दिसेल ते सगळं दरवाज्यांवर येणार आहे. गाडीचे पत्रे बाहेरच्या बाजूला फुगीर असतात. चमच्याच्या पाठीवर आख्खी खोली मावते तसं त्यांच्यावर खूप मोठा परिसर आकसून मावतो. दूरची पाण्याची टाकीसुद्धा त्यात येते. समोर मोकळं मैदान, रिकामं पार्किंग, पाण्याचा काठ किंवा दूरवरची एकसारखी टेकडी असेल तर दरवाज्यांवर एकच सलग रेघ उमटते: खाली जमिनीचा गडद पट्टा, वर आकाशाचा उजळ पट्टा. ही रेघ पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत न तुटता गेली की फोटोला निम्मं रूप आलं. समोर झाडं असतील तर ती फाटलेली, ठिगळांची दिसते.

रेघ नीट बसत नसेल तर गाडी थोडी फिरवा. आरसा जितके अंश फिरतो त्याच्या दुप्पट अंश प्रतिबिंब सरकतं, म्हणजे गाडी १० अंश फिरवली तर पत्र्यातलं दृश्य २० अंशांनी बदलतं. दरवाज्यावर आलेला खांब घालवायला एवढं बहुधा पुरतं. गाडी हलवणं शक्य नसेल तर स्वतः दोन पावलं सरका. त्यानेही फरक पडतो, पण कमी.

पार्श्वभूमीचा नियम सोपा आहे: ती साधी असावी आणि दूर असावी. गाडी आणि मागची भिंत किंवा झाडी यांत किमान दहा मीटर अंतर ठेवा. छतातून उगवलेला खांब, फांदी, पाटी यांच्यावर नजर ठेवा. त्या फोटोतून नंतर काढता येतात, पण अर्धं पाऊल डावीकडे सरकणं जास्त सोपं असतं. पांढऱ्या रेषा आखलेल्या पार्किंगमध्ये गाडी रेषांना समांतर लावा किंवा ठरवून चांगली तिरपी लावा. पाच-सात अंशांचा तिरपेपणा चुकीने झाल्यासारखाच वाटतो. पाऊस नुकताच थांबलेला असेल तर थांबू नका, निघा. ओला डांबरी रस्ता गाडीचं आणि दिव्यांचं प्रतिबिंब धरतो. कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर आणला तर छोटं डबकंही पुरतं.

कॅमेऱ्याची उंची आणि अंतर

सपाट मैदानात क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येतं. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण दीड-पावणेदोन मीटरवर असतात, आणि बऱ्याचशा छोट्या गाड्यांची व सेडानची उंची दीड मीटरच्या आसपास असते. त्यामुळे उभं राहून फोटो काढला की क्षितिजाची रेघ छताला चिकटून जाते आणि गाडीची वरची रेषा पार्श्वभूमीत हरवते. कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर, म्हणजे ६० ते ७५ सेंटिमीटरवर आणा. क्षितिज बॉनेटच्या खाली जातं, काचा आणि छत मोकळ्या आकाशावर उठून दिसतात, आणि गाडी जमिनीवर घट्ट बसल्यासारखी वाटते. एसयूव्हीसाठी ९० सेंटिमीटरपर्यंत चालेल. अगदी जमिनीवरून काढलेला फोटो दणकट दिसतो, पण बंपरचा खालचा काळा भाग आणि इंजिनखालचं सगळं उघडं पडतं. तेवढं खाली जायचं असेल तर ते भागही पुसलेले हवेत.

आता अंतर. फोनचा मुख्य कॅमेरा बहुतेक वेळा २४ ते २६ मिलिमीटरच्या आसपासचा (पूर्ण आकाराच्या सेन्सरच्या हिशेबाने) वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणारा असतो. आख्खी गाडी त्यात दोन-तीन मीटरवरूनच मावते, आणि सगळे तिथेच उभे राहतात. तिथून जवळचा हेडलाइट भोपळ्याएवढा आणि मागचं चाक बशीएवढं दिसतं. कारण लेन्समध्ये नाही, अंतरात आहे. तिरप्या कोनातून गाडीचं जवळचं आणि लांबचं टोक यांत साधारण साडेतीन मीटरचा फरक पडतो. तुम्ही दोन मीटरवर असाल तर लांबचं टोक जवळच्या टोकाच्या पावणेतीन पट दूर असतं. दहा मीटरवर असाल तर जेमतेम सव्वा ते दीड पट. म्हणून आधी मागे जा, मग झूम करा. फोनवर दोन पट किंवा तीन पटची स्वतंत्र लेन्स असेल तर ती वापरा. बोटांनी ताणून केलेला डिजिटल झूम टाळा. पूर्ण आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर लेन्सने गाडी भोवती थोडी जागा सोडून मावायला सुमारे ८ मीटर लागतात, ८५ मिलिमीटरने सुमारे १४ मीटर. आमच्या मते या दोन लेन्स गाडीसाठी सर्वांत प्रामाणिक: गाडी डोळ्याला दिसते तशीच फोटोत येते. २०० मिलिमीटरला ती चपटी आणि आखूड व्हायला लागते.

चाकं

गाडी तिरपी दाखवताना पुढचं चाक कुठे बघतंय यावर फोटोचा निम्मा डौल असतो. टायरची नक्षी नको, रिमचा चेहरा हवा. पुढून काढताना स्टिअरिंग कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूला वळवा. तुम्ही गाडीच्या पुढे, तिच्या डाव्या अंगाला उभे असाल तर स्टिअरिंग उजवीकडे. अर्धा ते एक फेरा पुरतो. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगचा एक पूर्ण फेरा चाकाला वीस-पंचवीस अंश वळवतो, त्यापुढे चाक मोडल्यासारखं दिसतं. बरोबर बाजूने आणि मागून काढताना चाकं सरळ ठेवा.

गाडी पुढे-मागे काही सेंटिमीटर सरकवून रिमच्या मधलं चिन्ह सरळ करा. चारही चाकांचं एकदम जमणार नाही, कॅमेऱ्याकडच्या दोघांचं जमलं तरी पुष्कळ. मग हँडब्रेक ओढा. उतारावर गाडी कॅमेऱ्याकडे तोंड करून लावू नका.

धुणं, पुसणं, आवरणं

गाडी आदल्या दिवशी धुवा, फोटोच्या तासभर आधी नको. धुतल्यावर आरशांच्या फटीतून, दरवाज्यांच्या हँडलमागून, नंबरप्लेटच्या वरून आणि कंपनीच्या चिन्हाच्या कडेने पाणी बराच वेळ झिरपत राहतं आणि पत्र्यावर ओघळ सोडतं. हे ओघळ डोळ्याला दिसत नाहीत, तिरप्या प्रकाशात मात्र पांढऱ्या रेघा होऊन येतात. घाईत धुवावीच लागली तर चारही दरवाजे आणि डिकी उघडून कडा पुसा, दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा, थांबून पुन्हा सगळीकडे कापड फिरवा. या चालवण्याचा आणखी एक फायदा: धुतल्यावर ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज चढतो, तो चार-सहा वेळा ब्रेक दाबल्यावर निघून जातो. जाळीदार रिममधून तो गंज फार ठळक दिसतो.

टायरला चमक आणणारं पॉलिश लावत असाल तर बोळ्याने पातळ लावा आणि जास्तीचं पुसून घ्या. टायर ओलाकंच चकाकला की फोटोत प्लास्टिकचा वाटतो. टायरचा रंग गडद आणि मंद असावा. चाकांच्या वरच्या खोबणीतला वाळलेला चिखल ओल्या कापडाने काढा. काचा आतूनही पुसा. आतल्या बाजूला साचणारा धूसर थर प्रकाश मागून आला की दुधासारखा दिसतो.

मग आवराआवर. डॅशबोर्डवरचे कागद, आरशाला लटकवलेल्या वस्तू, टिश्यूचा डबा, सनशेड, मागच्या सीटवरची पिशवी हे सगळं बाहेरून दिसतं. सगळ्या काचा पूर्ण वर किंवा सगळ्या पूर्ण खाली करा. एक अर्धी उघडी राहिली तर नजर तिथेच अडकते. सीटच्या डोकटेकण्या एका उंचीवर आणा, वायपर खाली, आरसे उघडे. स्वतः गडद, बिनचित्रांचे कपडे घाला. दरवाज्यात तुमचं प्रतिबिंब येणारच, ते निदान काळोखात मिसळून जाईल.

पोलरायझर

गाडीच्या फोटोसाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर वर्तुळाकार पोलरायझर फिल्टर घ्या. फोनवर क्लिपने बसणारेही मिळतात. चकाकत्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश काही कोनांत ध्रुवित होतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत हलतात, आणि हा फिल्टर फिरवून तो अडवता येतो. हा परिणाम ज्या कोनाला सर्वांत जास्त असतो तो डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८१५ साली सूत्रात मांडला. काच आणि क्लिअर कोट यांच्यासाठी तो लंबापासून सुमारे ५६ अंश येतो. म्हणजे तुमची नजर पत्र्याशी किंवा काचेशी ३०-४० अंशांचा कोन करत असेल तर फिल्टर सर्वांत जास्त काम करतो. अगदी समोरून बघताना तो जवळजवळ काहीच करत नाही. उघड्या धातूवर, क्रोमच्या पट्ट्यांवरही नाही.

वापरायची पद्धत: फ्रेम पक्की करा, मग फिल्टर हळूहळू पूर्ण फिरवा आणि फक्त पुढची काच बघा. एका जागी काचेवरचं आकाश विरघळतं आणि आतल्या सीट दिसू लागतात. आता नजर बॉनेटवर न्या: रंग गडद, भरीव झालेला असतो. पण दोन्ही जागांसाठी फिल्टरचा कोन वेगळा असतो, आणि बाजूच्या दरवाज्यांसाठी तर पार आडवा-उभा फरक पडतो. म्हणून ट्रायपॉडवर कॅमेरा न हलवता फिल्टरच्या दोन-तीन कोनांत फोटो घ्या आणि नंतर थर जुळवून प्रत्येकातला चांगला भाग ठेवा.

दोन गोष्टी सांभाळा. एक, हा फिल्टर एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), संध्याकाळी शटर, म्हणजे कॅमेरा प्रकाश आत घेतो तो वेळ, तेवढं लांबतं. दुसरं, बाजूच्या आणि मागच्या काचा सहसा टफन्ड असतात. काच कडक करताना तिच्यात राहिलेला ताण पोलरायझरमधून ठिपक्यांच्या रांगांसारखा दिसतो. काच खराब झालेली नसते, फिल्टर थोडा फिरवला की ठिपके फिके होतात. आणि प्रतिबिंब पूर्ण मारू नका. दरवाज्यावरची आकाशाची रेघही गेली तर गाडी मेणाची दिसते.

सेटिंग

ट्रायपॉडवर: आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, अॅपर्चर एफ/८ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान), शटर जे येईल ते, दोन सेकंदांचा टायमर, लेन्सचं स्थिरीकरण बंद. हातात धरून: एफ/४ ते एफ/५.६, शटर १/१२५ सेकंदापेक्षा सावकाश होऊ देऊ नका, आयएसओ वाढवा. फोकस जवळच्या हेडलाइटवर. एफ/१.८ ला पार्श्वभूमी धूसर होते हे खरं, पण जवळून काढताना मागचं चाकही धूसर होतं.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळं मध्यम राखाडी करायला बघतो. त्यामुळे काळी गाडी करडी येते आणि पांढरी मळकट. काळ्या गाडीला एक्स्पोजर ०.७ ते १ स्टॉप कमी करा, पांढरीला तेवढंच वाढवा, आणि हिस्टोग्राममध्ये (फोटोतला अंधार-उजेड दाखवणारा आलेख, उजवीकडे उजळ भाग) उजवी कड कापली जात नाही ना ते बघा. लाल गाडीचा धोका वेगळा: एकूण हिस्टोग्राम ठीक दिसतो, पण एकटा लाल चॅनेल भरून वाहतो आणि दरवाज्यावरच्या घड्या एकाच लाल डागात मिटतात. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावून बघा आणि गरजेप्रमाणे अर्धा स्टॉप उतरवा. फोनवर गाडीवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतील, मग बोट खाली ओढून उजेड कमी करा. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगछटेचं सेटिंग) आपोआपवर ठेवू नका, नाहीतर प्रत्येक फोटोत गाडीचा रंग वेगळा येईल. ५२०० ते ५५०० केल्व्हिनवर ठेवा आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइल घ्या. फोनचा पोर्ट्रेट मोड गाडीला वापरू नका: तो अँटेना, आरशाची कड आणि काचेतून दिसणारं पलीकडचं दृश्य चुकीचं कापतो.

दिवे आणि अंधार

हेडलाइट लावून काढायचे फोटो आकाश गडद निळं असतानाच घ्या. पूर्ण काळोखात दिवे जळतात आणि गाडी दिसत नाही. नुसते पार्किंग लाइट किंवा डीआरएल (दिवसा लागणारे दिवे) बहुतेक वेळा पुरतात. एलईडी दिवे वेगाने उघडझाप करत असतात, वेगवान शटरला ते अर्धवट किंवा विझलेले येऊ शकतात. शटर १/६० किंवा त्याहून सावकाश ठेवा. लांब एक्स्पोजरला दिव्यांची वेगळी, छोट्या शटरची फ्रेम घेऊन नंतर जोडा. इंजिन बंद ठेवून दिवे फार वेळ लावू नका, बॅटरी उतरते. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून कधीही फोटो काढू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पूर्ण अंधारात गाडी उजेडाने रंगवता येते. आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११, शटर २० ते ३० सेकंद. हातात ६० सेंटिमीटर ते एक मीटर लांबीचा एलईडी बार घ्या. साधी टॉर्च नको, पत्र्यात तिचा ठिपका हात हलेल तसा नागमोडी रेघ काढतो. बार आडवा, गाडीला समांतर, छतापेक्षा थोडा उंच धरा, त्याचं तोंड गाडीकडे आणि पाठ कॅमेऱ्याकडे. पुढच्या बंपरच्या मीटरभर आधीपासून मागच्या बंपरच्या मीटरभर पुढपर्यंत, न थांबता, सेकंदाला अर्धा मीटर अशा चालीने जा. साधारण सहा मीटर, बारा-तेरा सेकंद. गडद कपडे घातले आणि चालत राहिलात तर तुम्ही फोटोत येत नाही, जिथे थांबाल तिथे सावली उमटेल. रेघ खालीवर झाली तर हात खालीवर झाला आहे. बार खांद्याला टेकवून धरला की सरळ राहतो. एक फ्रेम छतासाठी, एक बाजूसाठी, एक चाकांसाठी खालून, अशा पाच-सहा घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये "लाइटन" मोडने (प्रत्येक जागी सर्वांत उजळ भाग ठेवणाऱ्या) एकत्र करा.

धावती गाडी

चालवणारा वेगळा आणि फोटो काढणारा वेगळा, यात तडजोड नाही. तुम्ही रस्त्याबाहेर सुरक्षित जागी उभे राहा, गाडी ताशी ४० किलोमीटरने समोरून जाऊ द्या आणि कॅमेरा तिच्याबरोबर कमरेतून फिरवा. या वेगाला १/६० सेकंदात गाडी सुमारे साडेअठरा सेंटिमीटर पुढे जाते, चाक तीस-पस्तीस अंश फिरतं, आणि रिमच्या काड्या छान विरघळतात. १/१००० ला गाडी जेमतेम सेंटिमीटरभर सरकते, म्हणजे रस्त्याच्या मधोमध उभीच दिसते. सुरुवात १/१२५ ने करा, मग १/६०, हात बसल्यावर १/३०. फोकस सतत बदलणाऱ्या मोडवर ठेवा आणि शटर दाबल्यानंतरही कॅमेरा फिरवत राहा. हात तिथेच थांबला की नेमका शेवट हलतो. दहातली एखादी फ्रेम जमली तरी चांगलं प्रमाण आहे. दुसऱ्या गाडीच्या खिडकीतून बाहेर लटकून फोटो काढू नका.

आतली बाजू

आत वाइड लेन्स चालते, तिथे दुसरा इलाज नाही. मागच्या सीटच्या मधोमध बसा, कॅमेरा पुढच्या डोकटेकण्यांच्या मधून, डॅशबोर्डच्या किंचित वर, आणि अगदी समपातळीत. जरा कलला तरी काचेच्या कडा पडायला लागतात. स्टिअरिंग सरळ, पट्टे गुंडाळलेले, पायपुसण्या बसवलेल्या हव्यात. गाडी सावलीत लावा. तरीही काचेबाहेरचा उजेड आणि आतला अंधार यांत फार फरक असतो, म्हणून दोन स्टॉप कमी, बरोबर आणि दोन स्टॉप जास्त अशा तीन फ्रेम घेऊन जोडा. स्क्रीन आणि मीटर लावलेले असतील तर शटर १/५० किंवा सावकाश ठेवा, नाहीतर काळे आडवे पट्टे येतील. शिलाई, गिअरची मूठ, चिन्ह यांचे जवळचे फोटो घेताना मऊ ब्रश हाताशी असू द्या. जवळून प्रत्येक धूलिकण दिसतो.

गाडी विकण्यासाठी फोटो हवे असतील तर चारही कोपरे, दोन्ही बाजू, डॅशबोर्ड, किलोमीटरचा आकडा, टायरची नक्षी, इंजिन, डिकी आणि प्रत्येक ओरखडा स्वतंत्र दाखवा. ओरखड्याजवळ बोट किंवा नाणं ठेवा, म्हणजे त्याचा आकार कळेल. यासाठी ढगाळ दिवसाचा सपाट प्रकाशच योग्य. संध्याकाळची जादू इथे संशय वाढवते.

संपादन

आधी सरळ करा. बाजूच्या फोटोत दोन्ही टायर जमिनीला टेकतात ते बिंदू आडव्या रेषेत आणा, तिरप्या फोटोत मागच्या इमारतीची उभी कड धरा. कापताना गाडीच्या पुढे मागच्यापेक्षा जास्त जागा ठेवा. मग १०० टक्के मोठं करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पत्रा तपासा: धूळ, पक्ष्याचा डाग, रस्त्यावरचा कागद, दूरचा दिवा हे पुसण्याच्या ब्रशने काढा. चाकं आणि टायर नेहमी थोडी अंधारी येतात, फक्त त्यांच्यावर सावल्या थोड्या उजळा. क्लॅरिटी आणि डिहेज (फोटो ठसठशीत करणारी आणि धूसरपणा घालवणारी साधनं) जपून: ती वाढवली की पत्र्यावरचे ओरखडेही वाढतात आणि छताभोवती उजळ कड येते. रंगाची संपृक्तता ओढण्याआधी फोन घेऊन गाडीपाशी जा, सावलीत उभे राहा आणि स्क्रीनवरचा रंग खऱ्या रंगाशी ताडून बघा.

नंबरप्लेट झाकायची असेल तर फोटो काढतानाच तिच्या मापाची मंद काळी पट्टी लावा, नंतर केलेला धूसर चौकोन कायम डोळ्यात खुपतो. गाडी पुन्हा रस्त्यावर काढण्याआधी ती पट्टी आठवणीने काढा. फोटो घराजवळ काढले असतील तर ते कुठेही टाकण्याआधी फाइलमधली ठिकाणाची माहिती काढून टाका. फोन ती प्रत्येक फोटोत लिहून ठेवू शकतो, आणि गाडी रात्री कुठे उभी असते हे त्यातून सरळ कळतं.